ग्रामसभेसमोर सादरीकरण : पूर्वतयारी आणि पहिले धडे

ग्रामसभा ही गावाच्या कारभाराची पायाभूत संस्था होय. १९९२ साली संमत झालेल्या व २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनात्मक स्थान दिले. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ अन्वये वित्तीय वर्षात किमान चार ग्रामसभा भरविणे आवश्यक आहे. गावाचा विकास आराखडा, जमाखर्च, लाभार्थ्यांची निवड असे महत्त्वाचे विषय या सभांपुढे येतात. परंतु विषय सभेपुढे येणे आणि तो सभेला समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जो विषय उमगलाच नाही, त्यावर वर केलेला हात ही संमती खरी, पण ती विचारपूर्वक दिलेली संमती नव्हे.

अलीकडे अनेक शाळा व कार्यालये यांतून संगणक आणि प्रोजेक्टर उपलब्ध झाले आहेत. त्यामुळे पडद्यावर स्लाइड दाखवून विषय मांडण्याची पद्धत रूढ होत आहे. या साधनाचा योग्य उपयोग केल्यास किचकट आकडेही सामान्य ग्रामस्थांच्या ध्यानी येतात. अयोग्य उपयोग केल्यास मात्र सभेचा वेळ जातो आणि प्रसंगी महत्त्वाची वस्तुस्थिती झाकली जाते. म्हणून सॉफ्टवेअरची बटणे शिकण्याबरोबरच पडद्यावर काय दाखवावे व तोंडी काय सांगावे, याचा विवेक शिकणे अगत्याचे आहे.

चित्र आणि निवेदन यांची जुनी जोडी

चित्र दाखवून कथन करण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील चित्रकथी कलावंतांनी ही परंपरा जतन केली आहे. चित्रकथी एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरतो आणि त्या प्रसंगाचे गायन-निवेदन करतो. कथा चित्रावर लिहिलेली नसते. ती त्याच्या मुखातून येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरीक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर दाखविण्याचे प्रयोग सुरू केले. तेथेही चित्राला निवेदनाची साथ होती.

पुढे कार्यालयांतून व प्रशिक्षण वर्गांतून पारदर्शक कागदावरील मजकूर ओव्हरहेड प्रोजेक्टरने दाखविला जाऊ लागला. हे कागद संगणकावर तयार करता यावेत या हेतूने रॉबर्ट गॅस्किन्स, डेनिस ऑस्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील फोरथॉट या कंपनीत ‘पॉवरपॉइंट’ हे सॉफ्टवेअर विकसित केले. एप्रिल १९८७ मध्ये ते अ‍ॅपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकासाठी विक्रीस आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने फोरथॉट कंपनी विकत घेतली. आज पॉवरपॉइंटखेरीज लिबरऑफिस इम्प्रेस हे विनामूल्य सॉफ्टवेअर आणि इंटरनेटवर चालणारे गुगल स्लाइड्स हे पर्याय उपलब्ध आहेत. तिन्हींची मूळ रीत सारखीच असल्याने एक शिकल्यावर दुसरे हाताळणे अवघड जात नाही.

साधने बदलली तरी चित्रकथीचा नियम बदललेला नाही. चित्र पाहण्यासाठी असते व निवेदन ऐकण्यासाठी. पडद्यावर पूर्ण परिच्छेद लिहून तोच वाचून दाखविला, तर साक्षर श्रोता आधीच वाचून कंटाळतो आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती काहीच लागत नाही.

आधी कागद, मग संगणक

नवशिक्या व्यक्तीकडून होणारी पहिली चूक म्हणजे विषयाचा विचार होण्यापूर्वीच संगणक उघडणे. रंग, नक्षी व अक्षरांचे प्रकार निवडण्यात तास जातात आणि मांडायचे काय हे अनिश्चितच राहते. म्हणून प्रथम एका कोऱ्या कागदावर दोन वाक्ये लिहावीत. या सादरीकरणानंतर सभेने कोणता निर्णय घ्यावयाचा आहे, हे पहिले वाक्य. तो निर्णय घेण्यासाठी सभेला कोणत्या गोष्टी कळल्या पाहिजेत, हे दुसरे. या दोन वाक्यांत न बसणारी प्रत्येक गोष्ट वगळण्यास योग्य समजावी.

उदाहरणार्थ, पिण्याच्या पाण्याचा विषय घेऊ. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. समजा, एका गावाची लोकसंख्या १,८०० आहे. त्या गावाची गरज दररोज ९९,००० लिटर होते. विहिरीवरील पंप ताशी १२,००० लिटर पाणी उपसतो व रोज ६ तास चालतो. म्हणजे पुरवठा ७२,००० लिटर होतो आणि तूट २७,००० लिटर येते. या विषयासाठी पुढीलप्रमाणे सहा स्लाइड पुरेशा होतील :

१. विषय आणि आज घ्यावयाचा निर्णय.
२. गावाची गरज व प्रत्यक्ष पुरवठा.
३. प्रत्येक वस्तीला मिळणारे पाणी.
४. नळयोजनेचा साधा नकाशा व तुटीची कारणे.
५. उपलब्ध पर्याय, प्रत्येकाचा अंदाजित खर्च व देखभालीची जबाबदारी.
६. सभेने ठरवावयाचा प्रश्न.

कागदाच्या तुकड्यांवर या सहा चौकटी हाताने काढून त्यांचा क्रम मागेपुढे करून पाहावा. एका चौकटीत एकच मुद्दा असावा. दोन मुद्दे आले तर दोन चौकटी कराव्यात. हा कच्चा आराखडा समाधानकारक झाल्यावरच संगणकाकडे वळावे.

सॉफ्टवेअरची तोंडओळख

सॉफ्टवेअर उघडल्यावर प्रथम कोरे सादरीकरण निवडावे. तयार नक्षीचे अनेक नमुने, म्हणजेच टेम्पलेट, तेथे दिसतात. आरंभी त्यांच्या मोहात न पडणे हिताचे. पडद्याच्या डाव्या बाजूस सर्व स्लाइडची लहान चित्रे एकाखाली एक दिसतात आणि मधल्या मोठ्या भागात निवडलेल्या स्लाइडवर काम करता येते. स्लाइडच्या खाली टिपणांसाठी जागा असते किंवा ती मेनूतून उघडता येते.

काम सुरू करण्यापूर्वी स्लाइडचा आकार ठरवावा. आजचे बहुतेक पडदे रुंद, म्हणजे १६:९ या प्रमाणाचे असतात. जुने प्रोजेक्टर ४:३ या प्रमाणाचे असू शकतात. ज्या प्रोजेक्टरवर सादरीकरण व्हावयाचे आहे, त्याचे प्रमाण आधी विचारून घ्यावे. आकार मागाहून बदलल्यास चित्रे व मजकूर यांची जागा विस्कटण्याचा संभव असतो.

पहिल्या स्लाइडवर शीर्षकाची चौकट आयती मिळते. तीत क्लिक करून विषयाचे नाव लिहावे. नवी स्लाइड घेण्यासाठी ‘नवी स्लाइड’ हे बटण वापरावे किंवा कंट्रोल व एम या कळा एकत्र दाबाव्यात. प्रत्येक नव्या स्लाइडसाठी मांडणीचे, म्हणजे लेआउटचे, काही प्रकार सुचविले जातात : केवळ शीर्षक, शीर्षक व मजकूर, शीर्षक व दोन रकाने इत्यादी. या आयत्या चौकटीच शक्यतो वापराव्यात. जागोजागी स्वतंत्र चौकटी काढून मजकूर लिहिल्यास प्रत्येक स्लाइड निराळी दिसते आणि दुरुस्तीचे काम वाढते.

सर्व स्लाइडवर एकच अक्षर, एकच रंग व ग्रामपंचायतीचे नाव हवे असल्यास ‘स्लाइड मास्टर’ ही सोय वापरावी. तेथे एकदा केलेला बदल सर्व स्लाइडवर आपोआप उमटतो. स्लाइडचा क्रम बदलण्यासाठी डावीकडील लहान चित्र माउसने ओढून वर किंवा खाली न्यावे. फाइलला पहिल्या स्लाइडपासूनच विषय व दिनांक दर्शविणारे नाव द्यावे आणि काम करताना कंट्रोल व एस या कळांनी ते वारंवार जतन करावे.

टिपणांच्या जागेत बोलावयाचे मुद्दे लिहावेत. प्रोजेक्टर जोडल्यावर वक्त्यासाठीचे दृश्य निवडले, तर ही टिपणे केवळ वक्त्याच्या संगणकावर दिसतात व सभेला फक्त स्लाइड दिसते. परिच्छेदांची खरी जागा पडदा नसून ही टिपणे होत.

देवनागरीची काळजी

मराठी सादरीकरणात एक अडचण वारंवार येते. घरी नीट दिसणारा मजकूर सभेच्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसू लागतो. याचे कारण बहुधा जुन्या पद्धतीचे फॉन्ट हे असते. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरी आकार बसविलेले असतात. तो विशिष्ट फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की मजकूर मोडतो.

यावर उपाय म्हणजे युनिकोड पद्धतीने टंकलेखन करणे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतंत्र क्रमांक दिलेला असल्याने फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो. त्यासाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक शिकून घेणे श्रेयस्कर आहे. भारतीय भाषांसाठी आखलेला हा कळफलक प्रचलित संगणक प्रणालींत उपलब्ध असतो. त्यात स्वर व मात्रा मुख्यतः डाव्या हाताकडे आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे येत असल्यामुळे थोड्या सरावाने गती येते. नोटो सान्स देवनागरी, मुक्त यांसारखे युनिकोड फॉन्ट विनामूल्य मिळतात व पडद्यावर सुवाच्य दिसतात.

तरीही खबरदारी म्हणून फाइलच्या दोन प्रती ठेवाव्यात. एक मूळ दुरुस्तीयोग्य प्रत आणि दुसरी पीडीएफ प्रत. पीडीएफमध्ये अक्षरे व मांडणी सहसा जशीच्या तशी राहते, त्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावर ऐनवेळी फजिती होत नाही.

अक्षर, रंग व चित्र

पडद्यावरील अक्षर सभेच्या शेवटच्या रांगेतून वाचता आले पाहिजे. मजकुरासाठी २८ ते ३२ पॉइंट व शीर्षकासाठी ४० पॉइंटच्या आसपास आकार ठेवल्यास सामान्य सभागृहात तो पुरेसा होतो. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा व खाली उकार येत असल्याने दोन ओळींमध्ये पुरेसे अंतर सोडावे. एका स्लाइडवर चार-पाच लहान ओळींहून अधिक मजकूर नसावा. मजकूर मावत नाही म्हणून अक्षर लहान करू नये. मजकूर कमी करावा.

रंगांच्या बाबतीत विरोध महत्त्वाचा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे किंवा गडद निळे अक्षर दिवसाच्या उजेडातही दिसते. पिवळ्यावर पांढरे किंवा निळ्यावर तांबडे अक्षर संगणकावर आकर्षक वाटले तरी प्रोजेक्टरवर पुसट होते. काही व्यक्तींना तांबडा व हिरवा यांतील भेद जाणवत नाही. म्हणून केवळ रंगावर विसंबू न राहता आलेखातील प्रत्येक भागावर नावही लिहावे. अक्षरे गिरक्या घेत येणे, स्लाइड बदलताना आवाज होणे असे चमत्कार टाळलेलेच बरे. त्यांनी लक्ष विषयावरून उडते.

छायाचित्र गावातीलच असावे. फुटलेली जलवाहिनी, कोरडा पडलेला हातपंप यांचे एक स्पष्ट चित्र दहा वाक्यांचे काम करते. मात्र व्यक्तींची छायाचित्रे त्यांच्या संमतीनेच वापरावीत. लाभार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक अथवा दूरध्वनी क्रमांक पडद्यावर दाखविणे सर्वथा टाळावे.

आकडे बोलके करताना

तक्त्यातील आकडे वाचण्यास वेळ लागतो. स्तंभालेख क्षणात समजतो. ‘समाविष्ट करा’ या मेनूतून ‘आलेख’ निवडल्यास सोबत एक लहान तक्ता येतो. त्यात आकडे भरले की आलेख तयार होतो. स्तंभांची उंची शून्यापासून मोजली जाईल असे पाहावे, अन्यथा लहान फरक मोठा भासतो. प्रत्येक स्तंभावर त्याचा आकडा व बाजूला एकक लिहावे.

परंतु आलेख सुबक असला म्हणजे तो सत्य सांगतोच असे नाही. वर घेतलेल्या उदाहरणात ७२,००० लिटर पाणी १,८०० लोकांत वाटले, तर दरडोई ४० लिटर ही सरासरी येते. पडद्यावर ५५ व ४० असे दोन स्तंभ दाखविले, तर सभेला वाटेल की गावात सर्वत्र थोडी टंचाई आहे. आता असे समजू की उंचावरील एका वस्तीत ३०० लोक राहतात व त्यांना दरडोई केवळ १५ लिटर पाणी पोहोचते. त्यांचा एकूण वाटा ४,५०० लिटर झाला. उरलेले ६७,५०० लिटर खालच्या १,५०० लोकांना, म्हणजे दरडोई ४५ लिटर मिळते. सरासरी तीच, ४० लिटर. पण गावाचे चित्र पूर्णपणे बदलते.

या फरकाचा परिणाम थेट निर्णयावर होतो. केवळ सरासरी पाहून सभा पंप सव्वादोन तास अधिक चालविण्याचा ठराव करील. विहिरीला तेवढे पाणी असले तर २७,००० लिटरची तूट कागदावर भरून निघेल. मात्र वरच्या वस्तीकडे पाणी चढतच नसेल, तर वाढलेले पाणी बहुतांशी खालच्या गल्ल्यांतच जाईल. त्या ३०० लोकांच्या डोक्यावरील हंडा तसाच राहील. वस्तीनिहाय स्तंभ दाखविले, तर वरच्या वस्तीसाठी स्वतंत्र वाहिनी, झडपेची व्यवस्था अथवा वेळेची पाळी यांचा विचार होईल. म्हणून आराखड्यातील तिसरी स्लाइड सर्वांत महत्त्वाची ठरते. कोणता आकडा दाखवावयाचा, हा केवळ सजावटीचा प्रश्न नाही. तो न्यायाचाही प्रश्न आहे.

शीर्षक आणि तळाची ओळ

स्लाइडची रचना किती गंभीर बाब ठरू शकते, याचे एक उदाहरण सर्वज्ञात आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे ‘कोलंबिया’ हे अंतराळयान परतीच्या प्रवासात नष्ट झाले आणि हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांना प्राण गमवावे लागले. १६ जानेवारी रोजी उड्डाण होताना इंधनटाकीवरील उष्णतारोधक फेसाचा एक तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान अंतराळात असतानाच या आघाताविषयी अभियंत्यांनी स्लाइडच्या आधारे माहिती सादर केली. त्यांपैकी एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. प्रत्यक्षात पूर्वीच्या चाचण्यांतील तुकडा सुमारे ३ घन इंचांचा होता, तर या वेळचा अंदाजे १,९२० घन इंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा होता. ही बाब त्या स्लाइडच्या अगदी तळाशी, लहान अक्षरांत होती.

चौकशी मंडळाने २००३ सालच्या अहवालात तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या या सवयीवर टीका केली. दुर्घटनेस अन्य अनेक कारणे होती, हे खरे. तरीही यातून मिळणारा धडा ग्रामपंचायतीलाही लागू पडतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट शीर्षकातच लिहावी. ‘पाणीपुरवठा आढावा’ या शीर्षकातून काहीच कळत नाही. ‘वरच्या वस्तीला माणशी १५ लिटरच पाणी’ हे शीर्षक वस्तुस्थिती सांगते. तसेच स्लाइड ही मूळ कागदपत्रांची जागा घेऊ शकत नाही. अंदाजपत्रक, मोजमापे व हिशेब सविस्तर स्वरूपात सभेत उपलब्ध ठेवावेत आणि मागणाऱ्यास ते पाहू द्यावेत.

सभेच्या दिवशी

सभेपूर्वी किमान एकदा संपूर्ण सादरीकरण मोठ्याने बोलून पाहावे व घड्याळ लावावे. सहा स्लाइडना वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत असेल तर मजकूर आणखी कमी करावा. सभेच्या जागी अर्धा तास आधी जाऊन प्रोजेक्टर जोडून पाहावा, शेवटच्या रांगेत उभे राहून अक्षर वाचून पाहावे आणि खिडकीतून पडद्यावर ऊन येत असल्यास पडद्याची जागा बदलावी. फाइल पेन ड्राइव्हवरही जवळ ठेवावी. सादरीकरण केवळ इंटरनेटवर असल्यास संपर्क तुटताच काम अडते.

पॉवरपॉइंट व इम्प्रेसमध्ये एफ-५ ही कळ दाबल्यावर सादरीकरण पहिल्या स्लाइडपासून सुरू होते. बाणाच्या कळांनी पुढे-मागे जाता येते आणि एस्केप या कळेने बाहेर पडता येते. मध्येच चर्चा सुरू झाली तर रोमन बी ही कळ दाबावी. पडदा काळा होतो व सर्वांचे लक्ष बोलणाऱ्याकडे वळते. तीच कळ पुन्हा दाबली की स्लाइड परत दिसते.

वीज जाण्याची शक्यता गृहीतच धरावी. सहाही स्लाइड छापून त्यांच्या काही प्रती जवळ असाव्यात. मुख्य आलेख मोठ्या कागदावर हाताने काढून भिंतीवर लावता येईल. सादरीकरण करताना पाठ सभेकडे व तोंड पडद्याकडे होऊ देऊ नये. प्रत्येक स्लाइड आली की क्षणभर थांबावे, आलेखातील स्तंभ कशाचे आहेत हे बोट दाखवून सांगावे, मगच त्याचा अर्थ उलगडावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही अशा निवेदनातून विषय कळतो.

अखेरच्या स्लाइडवर आभाराचे शब्द किंवा फुलांचे चित्र न ठेवता सभेने ठरवावयाचा प्रश्न ठेवावा आणि चर्चा संपेपर्यंत तो पडद्यावर राहू द्यावा. चर्चेत एखादा आकडा चुकीचा असल्याचे कोणी निदर्शनास आणल्यास तो तेथेच, सर्वांसमक्ष दुरुस्त करता येतो. हा या साधनाचा मोठा गुण आहे. झालेला ठराव मात्र इतिवृत्ताच्या नोंदवहीत रीतसर लिहिला गेला पाहिजे. स्लाइड पुसली जाते, नोंद राहते.

शिक्षकांनी वर्गात, अधिकाऱ्यांनी आढावा बैठकीत आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हीच पद्धत अनुसरावी. पहिले सादरीकरण सहा स्लाइडचे, पांढऱ्या पार्श्वभूमीवरील काळ्या अक्षरांचे व एकाच आलेखाचे असले तरी पुरेसे आहे. सभा संपल्यावर वरच्या वस्तीतील एखाद्या भगिनीला आपल्या वस्तीला किती पाणी मिळते, किती मिळावयास हवे आणि त्यासाठी काय ठरले हे सांगता आले, तर ते सादरीकरण यशस्वी झाले असे खुशाल समजावे.